चौथी उडी

मंगळवारी माझी मोठी फजिती झाली... वरणभात खाता खाता मला वाटलं, ज्वालामुखी फुटला! डोंगर इंडोनेशियात, आणि मी इकडे नागपूरला, वाडी भागातल्या घरात.

माझी मुलगी पूर्वा तिकडे ज्वालामुखीवर लक्ष ठेवायचं काम करते. डोंगराभोवती यंत्रं पुरलेली आहेत, जमीन जराशी हलली तरी ऑफिसच्या स्क्रीनवरची रेघ थरथरते. थरथर वाढली की पायथ्याच्या गावांना वेळेत सांगायचं, निघायची तयारी ठेवा.

ती रेघ वेबसाइटवर कुणालाही दिसते. बायको गेली, ट्रान्सपोर्टमधली नोकरी संपली, तेव्हापासून मी दिवसभर मोबाइलवर तीच बघत असतो.

उमरेडला आमच्या घरी हातमाग होता. धागा तुटला की वडील दुसऱ्या खोलीतूनही मागाच्या आवाजावरून ओळखायचे. माझंही तसंच... रेघ नीट चाललीय, म्हणजे पोरगी नीट आहे.

गेल्या आठवड्यात डोंगराचा इशारा पिवळ्यावरून नारिंगी झाला. गावकऱ्यांनी सामान बांधून ठेवलं, आणि पूर्वाचे फोन येणं बंद झालं. कामात असणार, हे कळतं हो... पण करमत नाही त्याचं काय?

तर मंगळवारी, शांत चाललेल्या रेघेवर एकदम तीन उंच टोकं आली. घास हातातच राहिला. तिला सहा वेळा फोन लावला, उचलेना. शेवटी फॅमिली ग्रुपवर लिहून टाकलं, 'डोंगर फुटला.' कुहीचा साळा, कन्हानची मावसबहीण, सगळ्यांचे फोन सुरू झाले!

अर्ध्या तासाने तिचा आला. "काहून घाबरून राहिले बाबा? मीच होती."

गावातल्या शाळेमागे एक यंत्र आहे. त्याची बॅटरी बदलली किंवा तपासणी केली की शेजारी उभं राहून तीन उड्या मारायच्या. ऑफिसात तीन टोकं दिसली, म्हणजे यंत्र चालू.

म्हणजे मी ज्याला ज्वालामुखी समजलो, तो माझ्या पोरीचा पाय होता... आधी हसलो, मग रडूच आलं. किती दिवसांनी तिची चाहूल लागली होती.

म्हटलं, "एक उडी माझ्यासाठी बी मारत जा वं." बोलून गेलो आणि लाज वाटली. तिकडे अख्ख्या गावाच्या जिवाचा प्रश्न, आणि म्हाताऱ्याचं भलतंच! तेवढ्यात तिकडे मागून कुणीतरी हाक मारली, तिने फोन ठेवला.

इशारा अजून नारिंगीच आहे. काल दुपारी रेघेवर पुन्हा तीन टोकं दिसली. मी मोजली... आणि जरा थांबून, चौथं. एकटंच, छोटंसं.

मी उठलो. गुडघ्याची पर्वा न करता स्वयंपाकघरात एक उडी मारली. इथे कुठलं यंत्र आलंय... पण राहवलं नाही.

खालच्या खोलीत एक ट्रक ड्रायव्हर भाड्याने राहतो. तो जिन्यातून ओरडला, "काय पडलं जी काका?"

वर्षभरात त्याने पहिल्यांदाच मला काही विचारलं होतं. बरं वाटलं, खरंच.

म्हटलं, "काही नाही गा... मीच आहे."