वऱ्हाडी कीबोर्ड आणि माझी ‘सुरक्षित’ प्रणाली

कसं सांगू बाप्पा, नुसतं आठवलं तरी अजून देवाचं नाव घेतो!

आम्ही काही जण मिळून एक फुकटचा कीबोर्ड बनवत होतो. मोबाईलवर ‘मले’ लिहिलं की तो गपकन ‘मला’ करून टाकतो ना? त्याचाच बंदोबस्त! ओपन सोर्स काम, म्हणजे कोड सगळ्यांना खुला. कोणीही यावं, सुधारावं. मी अमरावतीचा, बाकी मंडळी अकोल्याची. त्यांत सगळ्यात जाणत्या वैशालीताई.

काम वाढलं तसा प्रश्न आला. कोणी काय बदललं याची नोंद ठेवणारी प्रणाली कोणती घ्यायची?

ताई म्हणाल्या, "गिट घेऊ. प्रत्येकापाशी साऱ्या कामाची पूर्ण प्रत राह्यते."

"घरोघरी प्रती? काम हाय का लग्नाची पत्रिका?" मी गरजलो. "आपली जुनी प्रणालीच बरी. सारं एका जागी, माह्या कॉम्प्युटरवर; तुमी इंटरनेटवरून तिथूनच उचला, तिथंच ठेवा. सुरक्षित!"

माझंच चाललं. आणि एका रविवारी डिस्क भरली म्हणून मी कचरा काढायला बसलो. एक जुनं फोल्डर कायमचं उडवलं. मग त्याचं नाव नीट आठवलं.

तो कचरा नव्हता हो! तोच कीबोर्ड होता! सगळ्यांची सगळी मेहनत!

कॉम्प्युटरची कचरापेटी उघडली, तीही रिकामी. बॅकअप? माझ्यासारखा सुरक्षित माणूस बॅकअप कशाला ठेवेल!

तेवढ्यात ताईंचा फोन. "भाऊ, आजच अकोल्याले या. सारे जमलो हाओत. फोनवर सांगण्यासारखं नाई."

संपलं! यांना कळलं!

एसटीत बसलो. मूर्तिजापूर येईपर्यंत माफीचं भाषण पाठ झालं, अकोला येईपर्यंत विसरलोही.

ताईंच्या घरी सगळे जमलेले. कोणी नजर देईना. ताईंनी पाण्याचा गिलास पुढे केला, तोही अर्धा सांडून. रागानं, दुसरं काय!

"भाऊ, रागावू नका, पण..."

"म्याच उडवलं!" मी ओरडलो. "सारं उडवलं! माफ करा!"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काय उडवलं?" ताईंनी विचारलं.

म्हणजे? यांना माहीतच नव्हतं?

"अहो, आमीच तुमाले भेऊन राह्यलो होतो!" ताई म्हणाल्या. "तुमाले न विचारता कालच सारं काम गिटवर नेलं, जुन्या नोंदींसकट. आता आमा साऱ्यांपाशी पूर्ण प्रत हाय. तुमी भडकान, म्हणून सामोरासमोर सांगाले बोलावलं. चालन ना गिट?"

"चालन? धावन, ताई, धावन!"

गिट एकमतानं ठरलं. लगेच दुसरा ठरावही एकमतानं झाला, त्याला मी स्वतः हात वर केला: या कीबोर्डात जगातल्या कोणीही येऊन बदल सुचवावा. भाऊंनी फक्त वाचावं.