कान कापलेले गणपती

आमच्या घरात लग्नपत्रिका सरळ रद्दीत जात नाही. तिच्यावरचा गणपती आधी कापून काढावा लागतो. देवाचं चित्र रद्दीवाल्याच्या काट्यावर कसं चढवायचं? माझी बायको ते गणपती देवघरामागे टांगलेल्या एका कापडी पिशवीत साठवते आणि वर्षातून एकदा मी ती पिशवी निर्माल्याबरोबर महादेव घाटावर, खारून नदीपाशी नेऊन देतो. माझी नोकरी भनपुरीतल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात. ट्रकवाले, पंडरीच्या बाजारातले कापडवाले, सगळ्यांच्या घरची लग्नं माझ्या टेबलावरून जातात. पत्रिकाही कशा, मखमलीच्या, दागिन्याच्या डबीसारख्या उघडणाऱ्या. आमची पिशवी कधी रिकामी नसते.

दोन वर्षांपूर्वी ताईला अर्धांगाचा झटका आला. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिने लग्न केलं नाही, शाळेत शिकवलं, आणि निवृत्तीनंतर आमच्याकडे राहायला आली. झटक्यानंतर पाय सावरला. बोलणं जडावलं, पण आलं. उजवा हात मात्र आला नाही. त्या हाताने तिने किती पोरांच्या वह्यांत लाल शाईने ‘अक्षर सुधारा’ लिहिलं असेल, त्यात माझ्याही वह्या होत्या. आता तो मांडीवर पडून असायचा, कुणी सांभाळायला दिल्यासारखा.

व्यायाम घ्यायला येणारी फिजिओ मुलगी एक दिवस म्हणाली, “भैया, दीदी से कागज कटवाओ, चिपकवाओ, जो मन करे. सीधे हाथ से. बस उनको मजा आना चाहिए.” सीधा हाथ म्हणजे उजवा. मी गंभीरपणे मान हलवली. पुढे मी जे केलं ते पाहता, शेवटचं वाक्य माझ्या कानांत शिरलंच नव्हतं असं म्हणावं लागेल.

पिशवी ताईनेच मागितली. एक जुनी वही घेतली, लहान मुलांची बोथट टोकाची कात्री घेतली, आणि बायकोने चौकोनी कापून ठेवलेल्या तुकड्यातला गणपती कडेकडेने कापायला बसली. पहिल्याला अख्खी दुपार लागली. कात्री घसरली आणि गणपतीचा डावा कान गेला. बायको आणि मी बाजूलाच उभे. ताईने तो गणपती वर धरून नीट पाहिला.

“माझ्या वर्गात होता हा,” ती म्हणाली. “कान धरून धरून गेला याचा.”

आणि हसली. झटक्यानंतर पहिल्यांदा. तोंडाची एक बाजू जरा मागे राहिली, पण हसली.

पुढचे दोन महिने दुपारी तिचं तेच चाले. कुणाची सोंड अर्धी, कुणाचा मोदक तुटलेला, कुणी उंदरावरून उतरलेला. ती ते वहीत कसेही लावायची, तिरपे, एकमेकांवर. कधी दिवसभरात चार, कधी आठवडाभर एकही नाही. बोटं हळूहळू वळायला लागली होती.

एवढं छान चाललं होतं, त्यात मी लक्ष घातलं.

सदर बाजारातून जाड काळ्या पानांची मोठी चिकटवही आणली, सोनेरी कोपऱ्यांची. जुन्या वहीतली पानं सोडवून तिच्यात लावून दिली. प्रत्येक पानावर तारीख घातली. माझं अक्षर अजूनही मुंगळा शाईत बुडून चालल्यासारखं आहे, तरी घातली. रोज एक पान व्हावं असं मीच ठरवलं. संध्याकाळी हेल्मेट काढता काढता विचारायचो, “झालं का आजचं?” झालं असेल तर फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायचो. मग नागपूर, अमरावती, पुण्याहून अंगठे यायचे. ‘वा ताई.’ ‘कालच्यापेक्षा सरळ.’ ‘कडेने कापा, मधून नको.’ मला वाटायचं, किती उत्साह देतोय मी.

“तुम्ही काहून परीक्षा घेऊन राहिले त्यांची?” बायको एकदा म्हणाली.

“परीक्षा कसली? प्रगती दिसते न.”

प्रगती अशी होती, की पान वेळेत व्हावं म्हणून ताई डाव्या हाताने कापायला लागली होती. मी येण्याआधी उरकून ठेवायची. ते मला फार उशिरा कळलं. मी फोटोच काढत होतो.

मग ग्रुपवर नागपूरच्या काकूंनी लिहिलं. ‘बाळा, खंडित प्रतिमा घरात ठेवू नये. आधीच घरात दुखणं आहे.’ खाली चार जणांनी हात जोडले.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण ‘आधीच दुखणं आहे’ हे वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना. गाडीवर असताना, ऑफिसात ट्रकच्या मालाच्या बिल्ट्या तपासताना तेच. समजा काकूंचं खरं असलं तर? ठेवून काय मिळणार आहे, आणि काढून काय जाणार आहे, असा मी हिशेबी माणसाला शोभेल असा विचार केला. रविवारी सकाळी बायको ताईला आंघोळीला घेऊन गेली. त्याला पाऊण तास लागतो. तेवढ्यात मी ओला फडका आणि ब्लेड घेऊन वहीतले सगळे कान गेलेले, सोंड तुटलेले गणपती सोडवले. सत्तावीस निघाले. चांगले कापलेले तेवढे ठेवले. ते बहुतेक डाव्या हाताचे होते. तुटलेले पिशवीत घालून घाटावर नेले, निर्माल्याच्या कुंडात सोडले, हात जोडले आणि येताना जिलेबी घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टीवर होतो. दुपारी ताईने वही उघडली. पहिलं पान, दुसरं, तिसरं. कागद सोलून निघालेल्या खरखरीत जागांवरून ती बोट फिरवत राहिली.

“इथले कुठे गेले?”

मी सांगितलं. वर्गात उभं राहून सांगावं तसं सांगितलं, काकूंचं नावही पुढे केलं.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ते माझ्या हाताचे होते.”

तिने वहीचं पान माझ्याकडे फिरवलं.

“मी पण खंडितच आहे न,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, विचारत होती. “मले केव्हा नेतो घाटावर?”

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत निघून गेली. आईवडील गेले तेव्हा मी लोकांसमोर रडलो नव्हतो. त्या दुपारी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो होतो.

ताईने वही मिटली ती मिटलीच. व्यायाम सांगितला की मुकाट्याने करायची, पण आपणहून हात उचलेना. तिसऱ्या आठवड्यात फिजिओने मला बाहेर बोलावलं. “भैया, मुट्ठी बंद हो रही है. ऐसे ही रही तो फिर खुलेगी नहीं. लेकिन जबरदस्ती मत करना.”

आता जबरदस्ती करायची नाही आणि मूठही बंद होऊ द्यायची नाही, हे एकाच माणसाने कसं करायचं? मला जबरदस्ती सोडून दुसरं काही येत नव्हतं, हे तेव्हा ध्यानात आलं. मी रंगीत कागद आणले. चमकीचे तारे आणले. नवी कात्री आणली. प्रत्येक वस्तू तिच्यासमोर ठेवून तिच्या तोंडाकडे पाहत बसायचो. ती माझ्याकडे पाहायची, मग खिडकीकडे.

“तुम्ही उठा तिथून,” शेवटी बायको म्हणाली. “त्या खेळून राहिल्या होत्या. तुम्ही त्यायले कामाला लावलं.”

मी उठलो. तारे, रंगीत कागद कपाटात टाकले. ग्रुपवर लिहिलं, ‘ताईची वही यापुढे इथे येणार नाही.’ काकूंनी विचारलं काहून, तर लिहिलं फोन बिघडला आहे. त्याच फोनवरून लिहिलं. संध्याकाळी आलो की ताईला ऑफिसातल्या गोष्टी सांगायचो. कोणता ट्रक कुठे अडकला, कोणता ड्रायव्हर सासुरवाडीला जाऊन बसला. हाताबद्दल काही नाही. जीभ फार वळवळायची. मी उठून पाणी पिऊन यायचो. त्या महिन्यात मी खूप पाणी प्यालो.

पत्रिका येतच होत्या. मी त्या टेबलावर वर्तमानपत्रांसोबत ठेवून द्यायचो. बायको त्यातले गणपती काढत नव्हती. का, ते मी विचारलं नाही.

एका शनिवारी लवकर घरी आलो तर ताई टेबलाशी. उजव्या हातात कात्री. गणपती नव्हता, पत्रिकेवरची वरातीतली घोडी होती. तिचे तीन पाय कापून झाले होते. मी दारातच थांबलो आणि मागे फिरलो.

“ये,” ती मान वर न करता म्हणाली. “बोलू नको फक्त.”

“हव.”

मी समोर बसलो. चौथा पाय तुटला. तिने तो बाजूला सारला आणि घोडीला एका खरखरीत जागेवर लावलं. जागा पूर्ण झाकली गेली नाही. दुसरं चित्र घेतलं, अर्ध्यापर्यंत कापलं, आणि कात्री त्यातच अडकवून ठेवून दिली.

“आता राहू दे.”

“हव,” मी म्हणालो. पुरं करून टाकावं म्हणून माझे दोन्ही हात शिवशिवत होते. ते मी मांडीखाली घेतले.

ती पत्रिका कात्रीसकट पाच दिवस टेबलावर होती. आम्ही तिच्या बाजूला ताटं ठेवून जेवलो. सहाव्या दिवशी ताईने कात्री काढून घेतली, पण कापलं दुसरंच काहीतरी. अर्धी पत्रिका तशीच राहिली.

परवा दुपारची गोष्ट. ताई डाव्या हातात वर्तमानपत्र धरून वाचत होती. मी शेजारी बसलो होतो. पंख्याच्या वाऱ्याने ती अर्धी कापलेली पत्रिका उडायला लागली. ताईचा उजवा हात मांडीवरून उठला, टेबलावर गेला, आणि पंजा उघडून त्याने ती पत्रिका दाबून धरली. ताईचं लक्ष बातमीत होतं. तिने पान उलटायला सांगितलं, मी उलटून दिलं. हात तिथेच होता.

संध्याकाळपर्यंत बायकोलाही सांगितलं नाही. संध्याकाळी सांगितलं, माझ्या पोटात काही राहत नाही.

ती पोळ्या लाटत होती. “मी तं मागच्या मंगळवारीच पाहिलं,” ती म्हणाली. “तुमाले सांगितलं असतं तं तुम्ही फोटो काढला असता.”

काढला असता. खोटं कशाला बोलू?