दिनकररावांचे चार लघू

माझ्या गंगूताईचं लग्न चार लघू अक्षरांपायी मोडता मोडता राहिलं. ती अक्षरं नवऱ्या मुलाच्या नावात होती आणि दोष माझा होता.

मी तेव्हा लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत मराठी सहावीत होते. आगाशे मास्तर आम्हाला वृत्तं शिकवत. त्यांच्या हातात एक रूळ असे. गुरू अक्षर आलं की रूळ टेबलावर जोरात, लघू आलं की अलगद. शार्दूलविक्रीडिताच्या एका ओळीत अकरा गुरू असतात. चार ओळी होईपर्यंत शाईच्या दौती जागच्या हललेल्या असत. त्या आवाजाची मी इतकी धास्ती घेतली की घरीदारी माझी बोटं आपोआप मोजायला लागली. कुणी काही बोललं की मी त्याचे लघू-गुरू पाडत बसे. आईला वाटे, पोरीनं नामजप धरला. एकदा जेवताना मी सांगितलं, "आई, 'वांग्याची भाजी' यात पाचही अक्षरं गुरू आहेत." अण्णा शांतपणे म्हणाले, "तरीच पचत नाही."

अण्णा, म्हणजे माझे वडील, लोणावळा स्टेशनात पार्सल क्लार्क होते. ताईचं लग्न तळेगावच्या दिनकररावांशी ठरलं आणि अण्णांनी जाहीर केलं, "मंगलाष्टक आपली कुसुम रचेल. छापून घेऊ. गुलाबी कागदावर." (लेकीचं कौतुक छापून वाटायची संधी कोणता बाप सोडेल?) त्या काळी लग्नात मंगलाष्टकं छापून वाटत, आणि मंगलाष्टक म्हणजे शार्दूलविक्रीडितच. दुसऱ्या वृत्तात लग्न लागतं की नाही, हे विचारायची माझी छाती नव्हती.

मी पाटी घेऊन बसले आणि पहिल्याच ओळीला घाम फुटला. दि, न, क, र. चारही लघू! शार्दूलविक्रीडितात लागोपाठ तीनापेक्षा जास्त लघू येतच नाहीत. नाव पुढे सरकवलं, मागे सरकवलं, ओळीच्या शेवटी नेऊन बसवलं, छे.

"अण्णा, 'दिनकरा' म्हटलं तर बसतंय," मी भीत भीत म्हणाले.

"जावयाला 'दिनकरा' म्हणतेस? तो काय आपली गुरं राखतो? दिनकरराव म्हणायचं."

'राव' लावून तर घोटाळा वाढलाच. शेवटी मी ठरवलं, तूर्त एखादं बसणारं नाव खुंटीसारखं ठोकून ठेवावं, बाकीची ओळ तिच्यावर टांगावी, आणि मग सावकाश बघावं. बसणारं नाव चटकन आठवलं. मी लिहिलं:

'येती माधवराव आज सजुनी, हाती फुलांची लडी'

हे माधवराव आठवले कारण ते खरेच होते. वडगावचे. आदल्या वर्षी ताईला बघून गेले होते, पसंती झाली होती, याद्या व्हायच्या तेवढ्या राहिल्या होत्या, आणि पत्रिकेवरून फिसकटलं. ठरून मोडलेलं लग्न म्हणजे मुलीला डाग. तळेगावच्या विहीणबाईंनी, म्हणजे दिनकररावांच्या आईनं, बोलणी करताना सरळ विचारलं होतं, "आधी कुठं ठरलं होतं का?" आणि अण्णा म्हणाले होते, "छे, छे." हे सगळं मला माहीत होतं. पण गण जुळल्याच्या आनंदात माणसाला दुसरं काही सुचत नाही.

कडवं मास्तरांना दाखवलं. त्यांनी टेबलावर रूळ वाजवत ते तपासलं, अर्थाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि खाली लाल शाईनं लिहिलं, 'निर्दोष'. संध्याकाळी अण्णांनी विचारलं, "झालं का?" मी म्हणाले, "गण झाले, नाव राहिलंय." कवितेखाली माझं नाव राहिलंय, असं ते समजले. त्यांनी फक्त लाल शेरा पाहिला, शेवटी 'कु. कुसुम' लिहिलं आणि कागद गार्डाच्या हाती पुण्याच्या छापखान्यात रवाना केला. मला वाटलं, त्यांनी तो आईला दाखवायला नेला; नाव मी अजून शोधतच होते.

लग्नाच्या दिवशी सकाळच्या गाडीनं गठ्ठा आला. अहेर असेल असं समजून मी हौसेनं दोरी सोडली. दोनशे गुलाबी कागद आणि दोनशे माधवराव! मुहूर्त अकरा वाजून काही मिनिटांचा. तळेगावची मंडळी नऊच्या गाडीनं येणार.

ताईची वेणी चालली होती. मी तिच्या कानात सगळं सांगितलं. तिनं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "कुसे, सासूबाई वाचतात गं." एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं. तिचे डोळे भरले, आणि मला वाटलं आपण विहिरीत उडी टाकावी. (आमची विहीर उन्हाळ्यात गुडघाभर असे, म्हणून तोही मार्ग बंद.)

मी गठ्ठा उचलून परसात पळाले. तिथं भाजे गावाहून कामाला आलेली पारूमावशी पत्रावळी लावत होती.

"का गं बाय, त्वांड का उतरलंय?"

"मावशी, हे कागद कुणी वाचता कामा नयेत."

"मंग चुलीत घालू."

"अण्णा विचारतील."

पारूमावशीनं एक कागद हातात घेतला, उलटा धरून निरखला. "लय ग्वाड रंग हाय. पुड्या करू. आक्षदा भरू. हातात पुडी आल्याव कोन कशाला वाचतंय?"

मला ते पटलं! आम्ही दोघी पुड्या वळत बसलो. अक्षर आत, तांदूळ वर. दोनशे माधवराव तांदळाखाली गाडले आणि मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला. अण्णांनी बघितलं, जरासे नाराज झाले, पण विहीणबाईंनी "वा, काय सुबक कल्पना" म्हटल्यावर तेच पुढे होऊन पुड्या वाटू लागले.

मुहूर्ताची वेळ आली. अंतरपाट धरला. भटजींची मंगलाष्टकं सुरू झाली. एक 'सावधान' झालं, मूठभर अक्षता उडाल्या. दुसरं झालं. तिसऱ्याला माझ्या ध्यानात आलं की पुड्या रिकाम्या होताहेत. रिकामी पुडी हातात असलेला माणूस काय करतो? ती उलगडतो. तळेगावची अख्खी रांग गुलाबी कागद उलगडून वाचायला लागली. विहीणबाईंनी चष्मा लावला.

"आता आमची कुसुम म्हणेल," अण्णांनी सांगितलं.

मी मनाशी पक्कं केलं, वृत्त गेलं खड्ड्यात, 'दिनकरराव' म्हणायचं. निदान कानांना तरी खरं नाव ऐकू जाईल. पण पुढच्याच बैठकीवर आगाशे मास्तर, हातात रूळ नाही म्हणून मांडीवर बोटं आपटत. मी तोंड उघडलं. 'येती', गुरू, गुरू, आणि त्यापुढे जीभ माझी राहिली नाही. "माधवराव" मी खणखणीत म्हणाले.

मास्तरांनी मान डोलावली. बाकी मांडव माझ्याकडे वळून बघू लागला.

कसंबसं कडवं संपलं. सावधान झालं, ताशा वाजला, अंतरपाट दूर झाला. ताईनं माळ घातली. दिनकररावांनी मात्र घातली नाही. उजव्या हातात माळ, डाव्या हातात गुलाबी कागद, आणि नजर कागदावर.

"दिनू, माळ घाल," विहीणबाई म्हणाल्या. मग अण्णांकडे वळून, "हे माधवराव कोण?"

अण्णांचा चेहरा तांदळासारखा पांढरा झाला. त्यांचे ओठ हलले पण 'छे, छे' सुद्धा फुटेना. मी खांबामागे सरकले. ताईचं आयुष्य संपलं, आणि ते मी संपवलं, निर्दोष शेऱ्यासकट.

तेवढ्यात ताई खाली मान घालून नवऱ्याला म्हणाली, "तुमचं नाव वृत्तात बसलं नाही." नवऱ्याशी ती बोललेलं हे पहिलं वाक्य.

दिनकरराव तळेगावात शाळामास्तर होते. त्यांनी माळ मनगटावर अडकवली आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली. दि, न, क, र. पुन्हा एकदा. भटजींनी घड्याळ काढलं. आईनं पदर तोंडाला लावला. तिसऱ्यांदा मोजून ते म्हणाले, "खरंच बसत नाही. चार लघू येतात." आणि त्यांनी माळ घातली.

"आई, ते कुणी नाही," त्यांनी सांगितलं. "जागा भरायला घातलेलं नाव आहे."

विहीणबाई चष्मा काढत म्हणाल्या, "मग बसणाऱ्या नावाचाच मुलगा बघायचा होता." अण्णांना जोराचा ठसका लागला.

दुपारी जानवसघरी लक्ष्मीपूजन झालं. ताटात तांदूळ पसरले, नवरीचं नवं नाव लिहायला दिनकररावांनी अंगठी काढली, आणि थांबून माझ्याकडे बघितलं. "मेहुणीबाई, तुम्हीच सांगा. वृत्तात बसणारं हवं."

सगळे हसले. माझं डोकं सकाळपासून भीतीनं रिकामं झालेलं, आत फक्त वृत्तांची नावं उरलेली. "मालिनी," मी म्हणाले. त्यांनी तांदळावर लिहिलं. मी त्यांचं नाव एका ओळीपुरतं बदललं तर लग्न मोडायची पाळी आली. ताईचं जन्मभरासाठी बदललं तर लोकांनी पेढे खाल्ले. गंगू राहायचंय का, हे तिला कुणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही. त्याची आज लाज वाटते.

ताई अजून चिडली की ऐकवते, "माझं नाव तू घालवलंस." मी मुकाट ऐकून घेते. तिला एकच सांगितलेलं नाही, की त्या वेळी माझ्या जिभेवर आधी भुजंगप्रयात आलं होतं.