भाऊबीजेची सही

आमच्या घराण्यात सगळे बँकेत, रेल्वेत नाहीतर शाळेत. मी एकटा आयटीआय करून वायरमन झालो. त्यामुळे कुठल्याही लग्नामुंजीत मी दिसलो की नातेवाइकांना आधी आपला बंद पडलेला पंखा आठवतो आणि मग मी. उज्जैनात राहून पिढ्या झाल्या, आमच्या मराठीत निम्मी हिंदी शिरली, पण हाताने काम करणाऱ्या पोराला "इलेक्ट्रिकल लाइनमध्ये आहे" म्हणून पाहुण्यांपुढे झाकायची रीत काही बदलली नाही.

कमाई मात्र झाकण्यासारखी नव्हती. मंदिराच्या आसपास घराघरांतून यात्रेकरूंसाठी खोल्या निघाल्या होत्या. ऐन थंडीत भस्म आरतीला निघालेल्या माणसाला पहाटे गरम पाणी मिळालं नाही तर तो घरमालकाचा उद्धार करूनच बाहेर पडतो. म्हणून गीझर बिघडला की मालकालाच घाम फुटायचा आणि माझा फोन वाजायचा. त्यातूनच मला जोडधंदा सुचला. लॉजवाले जुने गीझर भंगारात काढतात. त्यातल्या बऱ्याच गीझरांचं नुसतं पाणी तापवणारं एलिमेंट जळालेलं असतं, बाकी टाकी ठणठणीत. ते विकत घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि खोल्या देणाऱ्या घरांत महिन्याच्या भाड्याने बसवायचे. बिघडले तर बघायला मी आहेच. नेहमीची कामं सांभाळून हे सहज जमणार होतं. फक्त एकदम लॉट उचलायला भांडवल हवं होतं, म्हणून फोनवर म्युच्युअल फंडाची एसआयपी सुरू करायचं मी ठरवलं. दोनेक वर्षं पैसे टाकायचे, मग काढून धंद्यात घालायचे.

हे सगळं मी फक्त आईला सांगितलं होतं. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. दिवसभरात कुणाकडे काय काम केलं, कोणी किती कटकट केली, हे तिला सांगितल्याशिवाय मला जेवण जायचं नाही.

त्या वर्षी भाऊबीजेला मामा आला. मामा बँकेतून रिटायर होऊन विम्याचं काम करायला लागला होता. आईने ओवाळलं, फराळ झाला, आणि मामाने बॅगेतून कागद काढले.

"मोबाइलवर पैसे टाकणार म्हणे तू? अरे, कुठे गायब होतील पत्ता पण नाही लागणार. मी बसलोय ना इथे!"

"पण मामा, मला दोन वर्षांनी धंद्यासाठी पाहिजेत. काढता येतील ना?"

"आपलेच पैसे आहेत रे, कोण अडवणार? टेंशन मत ले."

मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "दादा सांगतोय तर कर ना सही."

मामा जिथे बोट ठेवत गेला तिथे मी सह्या करत गेलो. एरवी घरमालकाने मेन स्विच बंद असल्याची शपथ घेतली तरी मी टेस्टर लावून बघतो. पण आईने सांगितल्यावर कसला टेस्टर लावायचा?

हप्ता मी एकही चुकवला नाही. पुढे दोनेक वर्षांनी देवास गेटजवळच्या एका लॉजचं नव्याने बांधकाम निघालं आणि तिथले सगळे गीझर एकदम विकायला आले. मॅनेजर ओळखीचा होता. म्हणाला, "भैया, तुम्हारे लिए हफ़्ताभर रोक लूँगा, फिर कबाड़ी ले जाएगा." मी हवेतच होतो. दोन घरमालकांशी भाड्याचं बोलूनही ठेवलं होतं.

मी विम्याच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरवर बघितलं आणि माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं. पॉलिसी वीस वर्षांची होती. आत्ता मोडली तर भरलेल्यातलं जेमतेम मूठभर हातात येणार होतं. "आपको बताया नहीं था क्या?" तिने विचारलं. मी कागदांची घडी घातली. लाज वाटली. ती मुलगी माझ्याच वयाची असेल.

मामाला फोन लावला तर तो हसला. "लाँग टर्ममध्ये बघ बेटा, एक दिवस माझे पाय धरशील." तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच घरी आलो. वाटेत मनात एकच होतं, की आई आता त्याला चांगली फैलावर घेईल.

ती मेथी निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिने मान वर केली नाही.

"त्याचं टार्गेट राहिलं होतं रे," ती म्हणाली. "दिवाळीच्या आधी फोन आला होता त्याचा. एकच पॉलिसी कमी पडत होती."

"तुला माहीत होतं पैसे अडकतील ते?"

"वीस वर्षांचं आहे म्हणाला होता. मला वाटलं, तुझ्याच नावावर आहेत ना, कुठे जातायत? आणि तुझे बाबा गेले तेव्हा कोण धावून आलं होतं? पेन्शनसाठी कोण फिरलं होतं माझ्याबरोबर?"

भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या ताटात ओवाळणी घालतो. आमच्याकडे बहिणीने भावाच्या ताटात घातली, आणि ती माझी होती. मामाचे उपकार मी कधी नाकारले नाहीत. पण ते फेडायचे होते तर तिने स्वतःचं काहीतरी द्यायचं होतं, किंवा मला तोंडावर मागायचं होतं. मी दिलंही असतं. माझा धंदा काय आहे, पैसे कधी लागणार आहेत, हे जगात एकट्या तिला ठाऊक होतं, आणि तिनेच "कर ना सही" म्हटलं.

लॉट भंगारवाल्याने नेला. त्या दिवशी मी लॉजशेजारच्याच दुकानात मीटर बसवत होतो, त्यामुळे टाक्या गाडीत आदळल्याचे आवाज सगळे ऐकावे लागले. मामावरचा राग पुढे ओसरला. तो विकणारा माणूस, त्याने विकलं. आईवरचा ओसरेना. तिने वाढलेलं मी जेवत होतो, तिची औषधं आणत होतो, आणि आतून धुमसत होतो.

पॉलिसी मी मोडली. जे हातात आलं त्यात स्वतःचे थोडे घालून भंगार बाजारातून एकच गीझर उचलला, दुरुस्त केला आणि राम घाटाकडच्या एका घरात भाड्याने बसवला. चांगला चालला. मग दुसऱ्या घरात दुसरा बसवला. घरात अवाक्षर काढलं नाही. शेवटी त्यातल्या एका घरची बाई आईला भाजी घेताना भेटली आणि तिने माझं तोंड भरून कौतुक केलं.

संध्याकाळी आई दारातच उभी होती. चेहरा हसरा होता, पण डोळे भरलेले.

"अरे, धंदा सुरू केलास आणि मला सांगितलं पण नाहीस?"

"राहून गेलं."

ती आत वळली. मग हळूच म्हणाली, "दादाला नसतं सांगितलं मी." आणि ताट वाढता वाढता, पूर्वी विचारायची तसंच विचारलं, "अजून कुठे बसवणार आहेस का?"

त्याच दुपारी तिसऱ्या घराचं पक्कं झालं होतं.

"नाही," मी म्हणालो, "एवढंच." आईशी खोटं बोलताना जीभ जराही अडखळली नाही, आणि ती अडखळली नाही म्हणून घास घशाखाली उतरेना.