एक ठोका, एक पाऊल

शाळेच्या नव्या बाईंना ओडिला पहिल्यांदा दिसली, ती भिंतीला खांदा घासत चालताना. बहात्तर सालचा जून होता. ग्रुंड गावचा रस्ता चर्चपाशी चांगला रुंद आहे, गवताच्या दोन गाड्या शेजारून जातील एवढा, आणि त्या वेळी रस्त्यावर एक कोंबडीसुद्धा नव्हती. तरी ही बाई पाठीला टोपली लावून, एक हात भिंतीवर ठेवून, घरांच्या कडेकडेनं चालली होती. भिंत संपली की क्षणभर थांबायची आणि पुढची भिंत येईपर्यंत झपझप जायची.

"कोण हो ही?" बाईंनी पावाच्या दुकानातल्या आग्नेसला विचारलं.

"ती ओडिला. एमिलची बायको. माहेर वरचं, ओबरमाटचं."

"पायाला काही झालंय का तिच्या?"

"पायाला काय होतंय! भीती आहे. डोंगरात जन्मली आणि उंचीलाच भ्यायली. बकरीनं गवताला भ्यावं, तशातली गत."

शाळेतली मुलं तिला 'भिंतीची बायको' म्हणत. ओडिलाला ते माहीत होतं. एमिललाही माहीत होतं. तो म्हणायचा, "बरं झालं, मला तेवढीच विश्रांती."

भीती तिला नवव्या वर्षी बसली. वडिलांबरोबर काळ्या कड्यातून येताना वाऱ्यानं तिची टोपी उडवली. निळी, लोकरीची, आईनं विणलेली. टोपी पडली, आणि ओडिला बघत राहिली. टोपी पडतच होती. तिनं श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला, तरी पडतच होती. शेवटी ती नदीत गेली की झुडपात अडकली हे काही तिला दिसलं नाही. वडिलांनी तिचं मनगट धरलं. कड्यातून बाहेर आल्यावर त्या मनगटावर चार बोटं उमटलेली होती.

ग्रुंड खाली, ओबरमाट वर. मध्ये काळा कडा. खोऱ्याच्या तळाशी उतरून, पूल ओलांडून, पुन्हा चढून जायचं तर साडेतीन तास. कड्यातून गेलं तर एक तास. कड्यातून रस्ता असा नाहीच. हिमनदीचं पाणी शेतांना आणणारा पाट आहे, आणि कड्याच्या भागात तो पाट म्हणजे खडकात ठोकलेल्या तुळयांवर टांगलेली लाकडी पन्हळ. त्या पन्हळीवर एक फळी. तीनशे दहा पावलं. एका हाताला खडकात ठोकलेली लोखंडी तार, दुसऱ्या हाताला काहीच नाही.

पन्हळीच्या वरच्या टोकाला, ओबरमाटच्या बाजूला, पाटकरी तेओडुलची खोपी. खोपीशेजारी पाण्यात फिरणारं लहानसं चाक, आणि त्या चाकावर एक लाकडी हातोडा. पाणी वाहतंय तोवर हातोडा फळकुटावर आपटत राहतो. टक्. टक्. टक्. मे महिन्यात पाट सुटला की ठोका सुरू होतो, सप्टेंबरअखेर पाट बंद झाला की थांबतो. मधल्या काळात तो कुणाला ऐकू येत नाही. सवयच तशी असते. पण थांबला की दोन्ही गावांत हातातले विळे खाली पडतात.

कारण हातोडा दोनच वेळा थांबतो. एक म्हणजे वर कुठेतरी दरड पडून पन्हळ अडली, तर. मग पाणी मागे तुंबत जातं आणि तुंबलेलं पाणी एकदम सुटलं की फळ्यांसकट सगळं खाली घेऊन जातं. सत्तेचाळीस साली दोन भाऊ असे गेले. दुसरं म्हणजे पाटाच्या पाण्यात पाळी असलेलं कुणी मेलं, तर. तेव्हा तेओडुल काळ्या दोरीनं हातोडा बांधून ठेवतो आणि संध्याकाळची घंटा झाल्यावर सोडतो. पाणी चालू राहतं, फक्त मुकं.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जायची वेळ आली तेव्हा ओडिला कड्याच्या तोंडाशी जाऊन परत आली. दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी तिची आई कात्री स्वतः कडा ओलांडून खाली आली आणि लेकीला पुढे घालून निघाली.

"पायाकडे बघायचं नाही," कात्री म्हणाली. "खडकाकडे बघ. आणि हातोडा ऐक. एक ठोका, एक पाऊल. ठोक्याआधी पाऊल नाही, ठोक्यानंतर थांबणं नाही. पाय तुझा नाहीच असं समज. हातोड्याचा आहे."

"आणि पडले तर?"

"तर मी मागून शिव्या घालीन. चल."

तेव्हापासून ओडिला तशीच चालायची. खडकातला एकेक ओरखडा तिला तोंडपाठ झाला होता. इथे शेवाळ, इथे गंजलेली खुंटी, इथे बदामासारखा पांढरा डाग. पण खाली काय आहे ते तिनं नऊ वर्षांची असल्यापासून पाहिलं नव्हतं. भीती मात्र गेली नाही. शनिवारी रात्रीच तिचे तळवे ओले व्हायचे.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात कात्री आजारी पडली. छातीत पाणी झालं होतं. जुलै संपेपर्यंत तिनं अंथरूण धरलं. लेकीनं खाली चल म्हटलं तर म्हणाली, "मला उचलून नेणार? कड्यातून? तू? तुला आधी कुणीतरी उचलायला हवं." मग ओडिला एक दिवसाआड जायला लागली. सकाळचं दूध काढायचं, गवत उलटं करायचं, मग दुधाच्या किटलीत गरम रस्सा, टोपलीत राईचा पाव आणि चीजचा तुकडा, की निघायचं. अकराच्या सुमाराला आईच्या घरी.

ऑगस्टातल्या त्या मंगळवारी ती निघाली तेव्हा मन आधीच थाऱ्यावर नव्हतं. रविवारी आईनं दोन चमचे रस्सा घेऊन तोंड फिरवलं होतं. बोटांची नखं निळसर दिसत होती. निघताना आई म्हणाली होती, "ये मग." एरवी ती म्हणे, "उशीर करू नकोस."

कड्यात शिरताना तिनं तार धरली, खडकाकडे तोंड केलं आणि ठोका पकडला. खालच्या नदीच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही, चर्चची घंटासुद्धा नाही. हातोडा मात्र पन्हळीच्या लाकडातून येतो. टक्, पाऊल. टक्, पाऊल. शेवाळ गेलं. खुंटी गेली. दीडशेच्या पुढे जिथे खडक पोटासारखा बाहेर येतो तिथे ती पोचली. ही सगळ्यांत अरुंद जागा. पाठीला टोपली असेल तर इथे वळता येत नाही, वाकताही येत नाही. टोपली खडकाला टेकते आणि माणसाला बाहेर ढकलते.

तिनं पाय उचलला आणि ठोका आलाच नाही.

उचललेला पाय तसाच राहिला. तिला वाटलं, आपल्याच कानात काहीतरी झालं. मग तिनं पाय हळूच टेकवला. नुसती नदी. टक् नाही.

दरड, तिच्या मनात आलं. वर पाणी तुंबतंय. किती वेळ आहे? सत्तेचाळीसच्या त्या भावांना किती वेळ मिळाला होता? मागे जायचं तर उलट पावलांनी दीडशे. पुढे जायचं तर पाण्याच्या तोंडावर. आणि दरड नसेल तर? तर हातोडा बांधलाय. तर कुणीतरी गेलंय. आईची नखं तिच्या डोळ्यांपुढे आली.

यातलं खरं काय हे समजायला एकच मार्ग होता. पन्हळीत पाणी आहे की नाही ते बघायचं. फळी हलतेय का ते पायाला कळलं असतं, पण तिचे गुडघेच इतके लटपटत होते की फळी कुठली नि पाय कुठला, समजेना. पाणी बघायचं तर मान खाली घालायची. फळी आणि खडक यांच्यामध्ये वीतभर फट होती, तिच्यातून. पण त्या फटीतून बघताना फळीची दुसरी, मोकळी बाजूही दिसणार होती.

"आई गं," ती म्हणाली. हाक होती की नुसता हुंदका, तिचं तिलाच कळलं नाही. तार इतकी घट्ट धरली होती की अंगठी बोटात रुतली.

आणि तिनं खाली बघितलं.

पाणी होतं. काळंहिरवं, भरून, घाईत. गवताची एक काडी तिच्या बुटांखालून निघून गेली. फळीच्या दुसऱ्या बाजूला नदी दिसली, शिवणाच्या दोऱ्याएवढी, आणि पक्षी. ते तिच्या खालून उडत होते. पक्ष्यांच्या पाठी तिनं जन्मात पहिल्यांदा पाहिल्या.

पाणी आहे. म्हणजे दरड नाही. म्हणजे आपण मरत नाही. एवढ्याचा आनंद जेमतेम श्वासभर टिकला. पाणी आहे आणि हातोडा नाही, म्हणजे काळी दोरी. म्हणजे आई गेली, आणि आपण रस्सा घेऊन इथे उभ्या.

आता घाई कशाचीच नव्हती. आणि पाऊल उचलत नव्हतं. ठोक्याशिवाय पाऊल टाकायचं कसं ते तिला येतच नव्हतं. तिनं मनात मोजून पाहिलं. मनातला ठोका छातीसारखा धावायला लागला. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. मग तिनं अंगठीचं बोट थोडं सैल केलं आणि अंगठी तारेवर आपटली. टिक्. बारीकसा आवाज, पण आवाज. एक पाऊल. टिक्. दुसरं. खडकाचं पोट संपलं. पांढरा डाग आला. टिक्. ती रडत होती आणि चालत होती.

अडीचशेच्या पुढे गेल्यावर पायाखालून ठोका आला. एक. मग बराच वेळ काही नाही. मग दोन लागोपाठ. मग नेहमीसारखा, टक्, टक्, टक्.

ओडिलाच्या अंगावर काटा आला. बांधलेला हातोडा संध्याकाळच्या घंटेआधी सुटत नाही. तिच्या आज्याच्या काळातही सुटला नव्हता. उरलेली पावलं तिनं कशी टाकली ते तिला अजूनही सांगता येत नाही.

कड्याबाहेर आली तर खोपीसमोरच्या बाकावर तिची आई बसलेली. अंगात रात्रीचा झगा, पाय अनवाणी, मांडीवर पाव कापायची सुरी. शेजारी तेओडुल तुटलेली काळी दोरी हातात धरून, मेलेला साप धरावा तसा उभा.

"आलीस?" कात्री म्हणाली. तिला धाप लागली होती. "रस्सा सांडलास का?"

ओडिलानं आधी दोरीकडे बघितलं. मग म्हणाली, "कोण गेलं?"

"मोरित्झकाका," तेओडुल म्हणाला. "आत्ता तासापूर्वी. मी रीतीप्रमाणे दोरी बांधली, तर या कात्रीमावशी अंथरुणातून उठून आल्या! तीन आठवडे जागच्या हलल्या नव्हत्या! मी म्हटलं, अहो, मोरित्झकाकांचं अंग अजून गरम आहे. तर मला म्हणतात—"

"म्हटलं, गरम आहे तर त्याला घाई नाही," कात्री म्हणाली. "माझी पोर कड्यात आहे. ती हातोड्यावर चालते. जन्मभर त्या मोरित्झनं मला पाण्याच्या पाळीसाठी थांबवलं, आता त्यानं थोडं थांबावं."

"गावात तोंड कसं दाखवू मी?" तेओडुल म्हणाला.

"दाखव की. तेवढंच तर आहे तुझ्याकडे."

ओडिलानं टोपली उतरवली आणि आईचे पाय आपल्या ओच्यात घेतले. ते बर्फासारखे गार होते. तेव्हा कुठे तिला आईचे हात दिसले. सुरी अजून मुठीत घट्ट होती, आणि बोटांना काळ्या दोरीचे धागे चिकटलेले होते.

"मला वाटलं, तू गेलीस," ओडिला म्हणाली.

"मला वाटलं, तू," कात्री म्हणाली.

मोरित्झची बायको साबिना त्या घराशी बोलायची बंद झाली. तिचं चुकलं असं कुणी म्हणालं नाही. कात्री त्यानंतर पाच महिने जगली आणि जानेवारीत गेली. पाट बंद होता, पन्हळीत बर्फ होतं, हातोडा आधीच गप्प. मातीला आलेली साबिना ओडिलाच्या शेजारी उभी राहिली आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलली. "तुझ्या आईनं बरोबर वेळ साधली. बांधायलाही नको, तोडायलाही नको." मग तिनं ओडिलाचा हात धरला आणि दफन होईपर्यंत सोडला नाही.

पुढे एमिल आणि ओडिला ओबरमाटला आईच्या घरात राहायला गेले. तेओडुल थकल्यावर हातोड्याची देखभाल ओडिलाकडे आली. डोंगरातून बोगदा काढून पाणी नळातून न्यायला लागले त्याला आता कितीतरी वर्षं झाली. कड्यातल्या फळ्या काढून टाकल्या आहेत, तुळयांची भोकं तेवढी दिसतात. खोपीपाशी मात्र थोडं पाणी जुन्या पाटातून सोडतात आणि हातोडा चालतो. कुणी गेलं की ओडिला काळी दोरी बांधते. बांधण्याआधी कड्याकडे एकदा नजर टाकते, जिथून आता कुणीच येत नाही.

ओडिला एक्क्याऐंशीची आहे. तिच्या अंगठीची एक बाजू चपटी झाली आहे. भीती अजून तशीच आहे. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी दरीवर उघडते, आणि ती बाहेरून पुसायला दर महिन्याला ग्रुंडहून शाळेच्या त्याच बाई येतात.