पोरं गणपतीला गेली आहेत, साहेब!

नोकरीत असताना आमच्या ऑफिसात दोनच गोष्टी साठत. धूळ आणि किस्से. धूळ निदान दिवाळीला झाडली जाई. निवृत्त झालो तेव्हा कपाटाची किल्ली, ओळखपत्र, टेबलफॅन सगळं परत मागून घेतलं; किस्से कोणी मागितले नाहीत, म्हणून ते घरी आणले. आता संध्याकाळी फणसवाडीत चार म्हातारे जमले, की मी त्यांतला एकेक काढतो. बायको आतून ओरडते, "हा मागच्या आठवड्यात झालाय!"

मी शाळा तपासणीच्या ऑफिसात लिपिक होतो. साहेब शाळा तपासायचे, मी बॅग धरून मागे. शेवटच्या काळात मला भोईटेसाहेब लाभले. त्यांची सगळी नोकरी घाटावरच्या खेड्यांतल्या शाळा तपासण्यात गेलेली, आणि उतारवयात बदली थेट मुंबईत! अंगाने ते मुंबईत आले, मनाने शेवटपर्यंत तालुक्यालाच राहिले.

*

खेड्यात म्हणे साहेब येणार म्हटलं, की एसटी स्टँडवर हार आणि शाळेच्या दारात लेझीम. गिरगावातल्या पहिल्याच शाळेपाशी साहेब कडक इस्त्रीच्या सफारीत फाटकाशी उभे राहिले. लेझीम काही येईना. शेवटी वॉचमन आला.

"नातवाला न्यायला आलात काय, आजोबा? सुटायला टाइम आहे. बसा त्या बाकावर."

मी तोंड उघडणार, तोच साहेबांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि खरोखर जाऊन बसले. मुख्याध्यापक धावत खाली येईपर्यंत शेजारच्या आजींनी त्यांना सगळं सांगितलं होतं. कोण शिकवतं, कोण मारतं, कोण डुलक्या काढतं.

साहेबांनी शेरा लिहिला : "पालकांच्या बसण्याची सोय उत्तम. तेथे मिळणारी माहितीही उत्तम."

*

साहेबांचे प्रश्नही खेड्यातलेच. परळच्या एका वर्गात त्यांनी विचारलं, "शेतकऱ्याचा मित्र कोण?"

एकाने हात वर केला. "सर, शेतकऱ्याचं माहीत नाय. आमचे आजोबा गिरणीत होते. त्यांचा मित्र सांगू?"

"सांग."

"तावडे आजोबा. पण आता बोलत नाहीत एकमेकांशी."

"का रे?"

"चाळीचा टॉवर झाला ना, सर. तावडेंना वरचा मजला लागला!"

*

एकदा सकाळी प्रभादेवीची शाळा तपासली आणि दुपारी दादरची. दादरच्या वर्गात पहिल्या बाकावर लाल रिबिनी बांधलेली एक मुलगी बसली होती. साहेब तिच्यापुढे थबकले.

"तुला मी कुठेतरी पाहिलंय, बाळ."

"हो सर! सकाळी प्रभादेवीला. तुम्ही सहाचा पाढा विचारला होता. आता सातचा विचारा, तोपण येतो!"

बाईंचा चेहरा खडूसारखा झाला. पटावर मुलं कमी भरली, की शेजारच्या शाळेतून उसनी आणायची पद्धत होती. साखर आणतात तशी. साहेबांनी सातचा पाढा शांतपणे ऐकून घेतला, शाबासकी दिली, आणि त्या दिवसापासून नियम केला : स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं मूल तेवढंच खरं. बाकी सगळी कविकल्पना!

*

हा नियम सर्वांत महाग पडणार होता लालबागच्या सावंतबाईंना. त्या एका छोट्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका. पट आणखी घसरला तर शाळा बंद करायची आणि मुलं लांबच्या दुसऱ्या शाळेत पाठवायची, असं वर ठरलं होतं. वाटेतला हमरस्ता असा, की मोठी माणसंही देवाचं नाव घेऊन ओलांडतात. तिथे पहिलीची पोरं काय करणार?

म्हणून बाईंनी लालबागमधलं एकही बारसं सोडलं नाही. भेट म्हणून पाटी न्यायच्या आणि पाळण्यात वाकून म्हणायच्या, "जूनमध्ये भेटू हां, राजा!" कुठल्या वर्षीचा जून, ते सांगत नसत.

एका बारशाला आई म्हणाली, "अहो बाई, अजून नाव ठेवायचंय त्याचं!"

"ठेवा की सावकाश," बाई म्हणाल्या. "मी आडनाव लिहून घेतलंय."

*

त्या वर्षी गणपतीची सुट्टी संपून शाळा उघडली आणि लगेच आम्ही बाईंच्या शाळेत तपासणीला गेलो. सगळ्या शाळेत मिळून मूल एकच. वेदांत नावाचा मुलगा पहिल्या बाकावर ताठ बसलेला.

"बाकीची?" साहेबांनी विचारलं.

"पोरं गणपतीला गेली आहेत, साहेब."

"गणपतीला? लालबाग सोडून?"

आता, अख्खी मुंबई गणपतीला लालबागमध्ये येते आणि लालबाग कोकणात जातं, हे घाटावरच्या माणसाला कसं पटावं! बाईंनी परोपरीने सांगितलं. शाळेतली झाडून सगळी पोरं समोरच्या एकाच चाळीतली, आणि ती चाळ एकाच गावातली. गावचे गणपती अनंत चतुर्दशीपर्यंत. विसर्जन झाल्याशिवाय एक पोर हलायचं नाही.

साहेब म्हणाले, "बाई, अहवाल या शनिवारी द्यायचाय. आणि न पाहिलेलं मूल मी लिहीत नाही."

"मग जा आणि बघून या!" बाई कडाडल्या. आवाज मात्र शेवटी फुटला. "खोटी नाहीत हो माझी पोरं."

साहेब वेदांतकडे वळले. "तू नाही गेलास?"

"पप्पांना रजा नाय मिळाली."

जिना उतरताना साहेबांनी विचारलं, "परब, तुमचं गाव तिकडेच ना कुठेतरी?"

"शेजारचंच, साहेब."

"रजेचा अर्ज टाका. दोघांचा."

शुक्रवारी दुपारी आम्ही त्या गावात, वाडीतल्या मोठ्या घरी आरतीला उभे होतो. वर फळापानांनी सजवून टांगलेली माटोळी, तिच्याखाली गणपती, पुढे झांजा घेतलेली पोरं. आरत्या झाल्या, मंत्रपुष्पांजली झाली, प्रसादाला हात पुढे आले. तेवढ्यात साहेबांनी खिशातून मोबाइल काढला, त्यात शाळेच्या हजेरीचा फोटो होता, आणि वर्गात घेतात तशी खणखणीत हजेरी सुरू केली!

पहिल्या नावाला सगळे चपापले. मग झांजवाल्यांतून आवाज आला, "हजर!" दुसरा हजर माडीवरून आला. तिसऱ्याच्या तोंडात मोदक होता, त्याने नुसता हात वर केला. मागून गिरणीतले एक आजोबाही सवयीने "हजर" म्हणाले; साहेबांनी त्यांना गाळलं.

पोरांमागून पोरं पुढे येत गेली. साहेब प्रत्येकाकडे चष्म्यावरून नीट बघत आणि मान हलवत. एकही कमी पडलं नाही. सावंतबाईंची शाळा त्या दुपारी, गणपतीसमोर, वाचली.

पण साहेब नियमाचे. यादीतलं शेवटचं नावही त्यांनी पुकारलं.

"वेदांत!"

आरतीचं ताट हातात घेतलेली एक म्हातारी पुढे आली. वेदांतची आजी. तिने साहेबांना सफारीसकट खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तो येवक नाय," ती म्हणाली. "तेका शाळा आसा. तुमका नाय?"