दिवा विझून राहिला

हे घडलं त्याच्या आदल्या रात्री आमचा कॉन्व्हॉय सौंसरजवळ, बोरगावच्या बाहेर एका पडीक वावरात थांबला होता. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी श्रावण, हवालदार, वर्कशॉपमध्ये व्हेइकल मेकॅनिक. कामठीहून निघालो होतो. सौंसर, पांढुर्णा, बैतूल करत पुढे उत्तरेला जायचं होतं. पांढुर्णा माझं गाव, आणि तिथे चहाचा हॉल्ट ठरला होता. बारा गावचं पाणी पिऊन आलेला माणूस मी, पण उद्या गाव दिसणार म्हणून त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही.

माझ्याबरोबर नायक भीमराव गजभिये होता, सावरगावचा. आमच्या दोन गावांच्या मधात फक्त जाम नदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या नदीच्या दोन काठांवरून गोटमार होते. पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर गोटे फेकतात, डोकी फुटतात, आणि दुसऱ्या दिवशी तेच लोक एका टपरीवर चहा पितात. बाहेरच्या माणसाला हे समजावता येत नाही. मी प्रयत्नही सोडून दिला आहे. भीमरावच्या डाव्या भुवईवर लहानपणीची खोक होती. पलटणीत कोणी विचारलं की तो माझ्याकडे बोट दाखवायचा आणि म्हणायचा, याच्या गावचं प्रेम आहे.

त्या संध्याकाळी त्याने सौंसरच्या रस्त्यावर पांढुर्ण्याकडे जाणारी बस हात करून थांबवली आणि कंडक्टरजवळ आईसाठी निरोप दिला, "सावरगावच्या गजभियेच्या मायले सांगजा, भीमराव उद्या येऊन राहिला." आमचे कॅप्टन शिंदे साहेब मागेच उभे होते. साहेब साताऱ्याचे. मराठीच बोलायचे, पण आमची मराठी ऐकली की त्यांच्या कपाळावर आठी यायची.

"गजभिये, येऊन राहिला म्हणजे काय? येणार आणि राहणार? रजा कुणी दिली तुला?"

मी सांगितलं की साहेब, आमच्याकडे येऊन राहिला म्हणजे येतोय. जेवून राहिलो म्हणजे जेवतोय. साहेब म्हणाले, मग येतोय म्हण की, राहतोस कशाला. भीमराव हसला. मीही हसलो. आमच्या बोलीची अशी थट्टा आम्हाला रोजची होती.

आता गाडीबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्याकडे तेव्हा परदेशातून नवीन रिकव्हरी व्हेइकल आलं होतं. उलटलेला ट्रक विंचच्या दोराने ओढून काढायचा, हे तिचं काम. आम्ही क्लच दाबून, कान लावून गिअर टाकणारी माणसं. या गाडीला क्लचचं पेडलच नव्हतं. गिअर टाकायला बटणं. खाली गिअरबॉक्समध्ये तेलाच्या दाबाने प्लेटा आवळल्या जायच्या, आणि कुठल्या वाटेने तेल सोडायचं ते केबिनमधला एक इलेक्ट्रॉनिक डबा ठरवायचा. इंजिन किती फिरतंय आणि चाकांकडचा शाफ्ट किती फिरतोय, हे दोन सेन्सर त्या डब्याला सांगत राहायचे. त्यावरून तो गिअर बदलायचा.

लोकांना वाटतं ऑटोमॅटिक म्हणजे सोपं. अहो, चालवायला सोपं! बिघडली की देवाला हात जोडायची पाळी. साध्या गिअरबॉक्सचं दुखणं कानाला ऐकू येतं, हाताला लागतं. इथे डब्याला शंका आली की तो गाडी न्यूट्रलमध्ये टाकून गप्प बसायचा. पण गप्प म्हणजे अगदीच गप्प नाही. सिलेक्टरवर एक छोटा लाल दिवा होता. टेस्टचं बटण दाबलं की तो लुकलुकायचा. काही लांब, काही आखूड. त्या लुकलुकण्यात दुखणं कुठे आहे ते लिहिलेलं असायचं. कोर्सवर पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. लोखंड स्वतःहून सांगतं, मला इथे दुखतंय. मी आजही त्याने थक्क होतो, आणि मला त्यात काही लाज वाटत नाही.

कोर्सवर शिकवणारे आमचे उस्ताद मात्र बजावून सांगायचे की दिवा फक्त जागा दाखवतो. सेन्सर गेला, वायर गेली की जोड सुटला, ते तुम्ही मीटर लावून शोधायचं. दिवा बघून धडाधड पार्ट बदलणाऱ्याला ते वर्कशॉपबाहेर उभं करायचे.

सकाळी निघालो. पोळा होऊन आठवडा झाला होता. वरच्या अंगाला रात्रभर पाणी पडलं होतं. पांढुर्ण्याच्या अलीकडे जाम नदीवर एक रपटा होता, म्हणजे ज्याच्यावरून पूर आला की पाणी वाहतं असा ठेंगणा पूल. पाणी घोट्याएवढंच होतं. पुढचे ट्रक गेले. सिपाही मुरुगनचा ट्रक मधात आला आणि रपट्याची कड ढासळली. ट्रक खालच्या अंगाला कुशीवर पडला. मुरुगन तमिळनाडूचा, लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. त्याचा पाय स्टिअरिंगखाली दाबला गेला होता. तो केबिनमध्ये अडकला होता आणि पाणी त्याच्या छातीपर्यंत होतं. नदी चढून राहिली होती, हे मला काठाकडे बघूनच कळत होतं. मी याच नदीत पोहायला शिकलो.

साहेब आणि मी मुरुगनच्या मागच्याच जीपमध्ये, अलीकडच्या काठावर होतो. रिकव्हरी नियमाप्रमाणे सगळ्यात मागे, मैलभर अंतरावर. तिच्यावर भीमराव. साहेबांनी वायरलेस उचलला.

"रिकव्हरी, ताबडतोब पुढे ये. ओव्हर."

उत्तर आलं की गाडी न्यूट्रलमध्ये गेली, गिअर घेत नाही. त्या गाडीची विंचसुद्धा त्याच गिअरबॉक्समधून चालायची. म्हणजे गाडी नाही आणि विंचही नाही. साहेबांनी विचारलं, दिवा काय म्हणतो? मधेच खरखर झाली आणि त्यातून भीमरावचं एवढंच ऐकू आलं, "...विझून राहिला. ओव्हर."

साहेबांचा चेहरा उतरला. दिवा विझून राहिला, म्हणजे त्यांच्या मराठीत दिवा विझला आणि विझलेलाच राहिला. डब्याला सप्लाय नाही. डबा जळाला. दुसरा डबा कामठीच्या पुढे कुठेच नव्हता. ते नागपूरहून क्रेन मागवायला निघाले. क्रेन येईपर्यंत मुरुगन राहिला नसता.

मी म्हणालो, "साहेब, दिवा विझला नाही. विझून राहिला."

"तेच म्हणतोय मी."

"नाही साहेब. विझला असता तर तो विझला म्हणाला असता. विझून राहिला म्हणजे आत्ता विझतोय, परत लागतोय. लुकलुकतोय साहेब. गाडी बोलून राहिली."

साहेबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि हँडसेट माझ्या हातात दिला. मोठ्या हुद्द्याच्या माणसाने इतक्या पटकन दुसऱ्याचं ऐकलेलं मी नोकरीत फार वेळा पाहिलं नाही.

मी भीमरावला पहिलं वाक्य पुन्हा सांगायला लावलं. तो म्हणाला, दिवा लागून राहिला, विझून राहिला. मी लुकलुक मोजायला सांगितली. लांब दोन, आखूड तीन. म्हणजे चाकांकडच्या शाफ्टचा वेग डब्याला कळत नव्हता. चाकं थांबली की पळताहेत हे कळत नसेल तर तो गिअर टाकणारच नाही. शहाणा डबा होता, त्याचं बरोबर होतं.

पुढचं काम भीमरावने केलं आणि मी फक्त ऐकत होतो. तो चिखलात गाडीखाली सरकला. सेन्सरचा जोड उघडून मीटर लावला, सेन्सर ठीक. वर येऊन डब्याच्या टोकाला मीटर लावला, तिथे काहीच नाही. मग दोघांच्या मधली वायर. परत खाली. हाताने चाचपत चाचपत तो वायरवरून गेला, जशी बाई तांदूळ निवडताना त्यातून बोट फिरवते. इकडे मुरुगनच्या गळ्यापर्यंत पाणी आलं होतं आणि तो त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होता. साहेब काठावर गुडघ्यापर्यंत पाण्यात उभे राहून त्याच्याशी बोलत होते.

हँडसेटमधून हसण्याचा आवाज आला. मला राग आला.

"श्रावण, वायर तुटली बे. चेसिसच्या फटीत गोटा अडकून राहिला. मागच्या नाल्यातनं उडाला असंन. पांढुर्ण्याचाच दिसते."

मी म्हणालो, गोटा फेक आणि वायर जोड. त्याने वायर सोलली, पिळली, टेप गुंडाळला. स्विच बंद केला, परत चालू केला. मग म्हणाला, "दिवा विझला."

साहेबांनी पाण्यातून वर येऊन हँडसेट माझ्याकडून ओढून घेतला. "गजभिये, विझला, का विझून राहिला? नीट सांग."

"विझला साहेब. आता मी येऊन राहिलो."

ती गाडी उतारावरून खाली आली ते दृश्य मी विसरलो नाही. एवढं धूड, पण झटका नाही, दणका नाही. आपोआप गिअर बदलत, घरच्या बैलासारखं शांत चालत काठावर येऊन उभं राहिलं. तोवर दोन्ही काठांवर गाव जमलं होतं, एका बाजूला पांढुर्ण्याचे, एका बाजूला सावरगावचे. ट्रक वाहत्या पाण्यात फिरू नये म्हणून बाजूने दोर बांधायचे होते. साहेबांनी माणसं मागितली. आठवड्यापूर्वी ज्यांनी एकमेकांची डोकी फोडली होती, ज्यांच्या डोक्याला अजून पट्ट्या होत्या, ते कंबरभर पाण्यात उतरून एकाच दोराला लागले. कोणी कोणाचं गाव विचारलं नाही. 

विंच मी घेतली. हुक घेऊन भीमराव पाण्यात उतरला, कमरेला दोर बांधून. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. साहेब दुसऱ्याचं नाव घेणार तोवर तो उतरला होता. हुक लागला. मी ट्रक इंच इंच उचलला. केबिनचं दार मोकळं झालं आणि भीमराव आत घुसला. त्याने मुरुगनचा पाय सोडवला. पाय मोडला होता, त्याला पोहता येणं शक्य नव्हतं. भीमरावने स्वतःच्या कमरेचा दोर सोडला आणि मुरुगनला बांधला. हे मी विंचवरून डोळ्यांनी पाहिलं. ओरडायला तोंड उघडलं तोवर त्याने ओढायची खूण केली होती.

लोकांनी मुरुगनला काठावर घेतलं. दोर परत फेकला. त्याच वेळी रपट्याची उरलेली कड खचली, ट्रक हलला, आणि भीमराव होता तिथे नुसतं पाणी होतं.

दुपारी तो सावरगावच्याच काठाला, खाली एका वळणावर सापडला. त्याच्या पँटच्या खिशात तो गोटा होता. मी फेक म्हणालो होतो, त्याने फेकला नव्हता. मला दाखवायला ठेवला असणार. तो माझ्याकडे आहे.

मुरुगन वाचला. पुढची बरीच वर्षं त्याचं पत्र यायचं. मुलाचं नाव त्याने भीमराव ठेवलं, आणि तमिळनाडूतल्या त्या गावात ते कोणालाच नीट म्हणता येत नाही असं लिहायचा.

त्याच संध्याकाळी साहेब आणि मी भीमरावच्या घरी गेलो. अंगणात बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे दिवा लावला होता. त्याची माय दाराशी बसली होती. मी मावशी म्हणालो आणि तिच्याजवळ जमिनीवर बसलो. तिने साहेबांना हात जोडून जयभीम केला. साहेबांनीही टोपी काढून जयभीम केला. ती म्हणाली, "निरोप भेटला होता मले कालच. कंडक्टर सांगून गेला. येऊन राहिला म्हणे."

साहेब माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "येऊन राहिला खरा." येऊन राहिला, म्हणजे येतोय. हे मीच त्यांना आदल्या संध्याकाळी समजावून सांगितलं होतं. त्यांच्या साताऱ्याच्या मराठीत त्याचा अर्थ वेगळा होतो, आला आणि इथेच राहिला. त्या अंगणात मी त्यांची मराठी दुरुस्त केली नाही.